कचेरी सुटल्यावर

आमच्या आळीत एक निवृत्त डेप्युटी कलेक्टर राहतात. नोकरीच्या अखेरच्या वर्षांत दिवाळीच्या दिवसांत त्यांच्या ओटीवर मिठाईचे इतके पुडे येऊन पडत, की ते आप्तेष्टांत वाटता वाटता भाऊबीज उजाडे. परंतु निवृत्तीनंतरच्या पहिल्या पाडव्याला सकाळी आठ वाजल्यापासून कोट घालून ओटीवर बसलेल्या ह्या गृहस्थांकडे दुपारपर्यंत अवघी तीन माणसे आली, आणि त्यांपैकी एक पोस्त मागावयास आलेला पोस्टमन, दुसरा घर चुकलेला व तिसरा मी होतो. पुढल्या महिन्यात वाण्याकडे धाडावयाच्या यादीच्या समासात त्यांनी ‘पाहिले. तूरडाळीचे प्रमाण निम्म्यावर आणावे’ असा शेरा मारून खाली सही व तारीख घातली, आणि ती यादी त्यांच्या पत्नीने मला दाखविली तेव्हा ती माउली एवढेच म्हणाली, “पस्तीस वर्षं हे घर कोणाच्या सहीनं चाललं, ते जरा विचारा ह्यांना.”

मी विचारले नाही. परंतु त्या शेऱ्याने मला विचारात पाडले. ‘हुद्दा’ हा शब्द आपल्याकडे अरबीतून फारसीच्या वाटेने आला, आणि त्याचा मूळ अर्थ पत्करलेली जबाबदारी, अंगावर घेतलेले काम, एवढाच आहे; जे अंगावर घेतले ते उतरवूनही ठेवता येते, हे त्या अर्थात गृहीतच होते. आपण मात्र त्या शब्दाचे कातडे करून टाकले. मामलेदाराच्या बायकोला मामलेदारीणबाई म्हणणारा आपला समाज हुद्द्याला माणसापासून निराळा काढावयास कधीच फारसा राजी नसतो, आणि माणूसही मग कचेरीतून घरी येताना तो खुंटीवर टांगून ठेवण्याऐवजी त्यासकट पाटावर जेवावयास बसतो. कर्तृत्व गाजविलेल्या अनेक माणसांच्या पदरी उतारवयात जो एकाकीपणा येतो, त्याचे कारण त्यांनी काम फार केले हे नसून, ज्या दारात आपला शिक्का चालत नाही असे एकही दार त्यांनी आयुष्यात राखून ठेवले नाही हे असावे, असा माझा समज आहे. आणि तो तपासून पाहावयास मी तीन सरकारी नोकरांची चरित्रे येथे घेतो. त्यांपैकी दोघांची कचेरी तर एकच होती.

लंडन शहरातील लेडनहॉल स्ट्रीटवर ईस्ट इंडिया कंपनीचे इंडिया हाऊस उभे होते. मुंबई-पुण्याकडून निघालेले खलिते, जमाखर्च व तक्रारी महिनोगणती समुद्रप्रवास करून ज्या टेबलांवर जाऊन पडत, ती टेबले ह्या इमारतीत होती, आणि १८१८ साली पेशवाई बुडाल्यावर आमच्या आजे-पणज्यांच्या नशिबाचे कित्येक कागद तेथेच मंजूर किंवा नामंजूर झाले. अशा ह्या रुक्ष वास्तूने इंग्रजी वाङ्मयाला तीन लेखक द्यावेत हा एक योगायोगच म्हणावयाचा. थॉमस लव्ह पीकॉक हा कादंबरीकार तेथे मोठ्या हुद्द्यावर होता, त्याला येथे सोडून देऊ. उरलेले दोघे म्हणजे हिशेबखात्यातील कारकून चार्ल्स लँब आणि पत्रव्यवहार खात्यातील जॉन स्टुअर्ट मिल.

लँब १७९२ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, तेथे चिकटला व तेहतीस वर्षे खतावण्या लिहीत राहिला. आपल्याकडील लघुनिबंधकारांनी ज्या इंग्रज निबंधकारांना गुरुस्थानी मानले त्यांत हा अग्रगण्य. तथापि त्याला त्याच्या ग्रंथांविषयी कोणी विचारले असता, आपले खरे ग्रंथ लेडनहॉल स्ट्रीटच्या फडताळांवर आहेत व ते शंभरेक खंड भरतील, असे तो थट्टेने सांगे. कचेरीत तो उशिरा येतो अशी तक्रार वरिष्ठांनी केली तेव्हा, म्हणूनच तर मी लवकर जातो, असे उत्तर त्याने दिल्याची आख्यायिका आहे. ह्या विनोदी कारकुनाच्या घरी काय चालले होते, हे त्याच्या सहकाऱ्यांपैकी थोड्यांनाच ठाऊक असेल.

१७९६ सालच्या सप्टेंबरात त्याची दहा वर्षांनी वडील असलेली बहीण मेरी, जी शिवणकाम करून घराला हातभार लावीत होती व अंथरुणाला खिळलेल्या आईची रात्रंदिवस शुश्रूषा करून थकून गेली होती, तिला उन्मादाचा झटका आला आणि जेवणाच्या टेबलावरील सुरीने तिने आईचाच प्राण घेतला. चार्ल्स त्या वेळी एकवीस वर्षांचा होता. आदल्या हिवाळ्यात तो स्वतः सहा आठवडे वेड्यांच्या इस्पितळात राहून आला होता, बाप भ्रमिष्ट झाला होता, आणि बरी नोकरी असलेला थोरला भाऊ मेरीला जन्मभर इस्पितळात ठेवावे अशा मताचा होता. चार्ल्सने ते ऐकले नाही. तिची जबाबदारी आपण घेतो असे त्याने अधिकाऱ्यांना लिहून दिले, आणि ते वचन १८३४ साली मृत्यू येईपर्यंत, म्हणजे अडतीस वर्षे, पाळले.

मेरीचा आजार पुरता कधी गेला नाही. मधले महिने ती शांत, बुद्धिमान व प्रेमळ असे. आणि झटका येणार ह्याची चाहूल तिला स्वतःला आधी लागे. अशा वेळी ती दोघे भावंडे हॉक्स्टनच्या इस्पितळाकडे पायी निघत. त्यांना शेतांमधून एकमेकांचा हात धरून रडत चाललेले पाहिल्याची आठवण त्यांच्या एका मित्राने सांगितली आहे, आणि त्या वेळी त्यांच्याबरोबर रुग्णाला आवळून ठेवावयाचा लांब बाह्यांचा अंगरखाही असे. दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता हा भाऊ चहा व निळीच्या लिलावाचे आकडे मांडीत बसलेला असेल.

परंतु ह्याच घरात बुधवारी, व पुढे गुरुवारी, रात्री मैफल भरे. पत्त्यांचा डाव, थंड मांस, बिअर आणि बोलणे एवढाच बेत. पण बोलणारे म्हणजे कोलरिज, हॅझलिट, गॉडविन आणि शहरात असला तर वर्ड्‌स्वर्थ. ज्या पुस्तकाच्या वाटेने आपल्याकडील कित्येक मॅट्रिकवाल्यांची शेक्सपिअरशी पहिली गाठ पडली, त्या १८०७ सालच्या नाट्यकथा भावाबहिणींनी एकाच टेबलाशी बसून लिहिल्या. वीसांपैकी सहा शोकांतिका चार्ल्सच्या व बाकीच्या चौदा मेरीच्या असूनही मुखपृष्ठावर नाव एकट्या चार्ल्सचे छापले गेले, ही गोष्ट मात्र कोणालाही भूषणावह नव्हे. लँबला संत ठरविण्याचे कारण नाही. तो दारू जास्त पीत असे, त्याच्या खोड्या कधी कधी बोचऱ्या असत, आणि लग्न करण्याची इच्छा त्याच्या मनातून गेली नव्हती. १८१९ साली त्याने फॅनी केली नावाच्या नटीला पत्राने मागणी घातली, तिने त्याच दिवशी नकार कळविला, आणि त्यानंतरही दोघांचे स्नेहसंबंध अबाधित राहिले. नकारानंतर टिकलेली मैत्री ही माझ्या मते लग्नाहूनही दुर्मीळ वस्तू आहे.

२९ मार्च १८२५ रोजी कंपनीने त्याला निवृत्त केले. पन्नाशीत मिळालेल्या ह्या मोकळिकीवर त्याने जो निबंध लिहिला त्यात मोठी सूक्ष्म गोष्ट आहे: सुट्टी मिळालेला कारकून प्रारंभी आनंदाने नव्हे तर भांबावून जातो, पायाखालचा वार हरवल्यासारखा हिंडतो, आणि एके दिवशी जुन्या कचेरीत डोकावून पाहतो तो आपल्या टेबलाशी दुसरा बसलेला व आपल्या टोपीच्या खुंटीवर दुसऱ्याची टोपी. आमच्या डेप्युटी कलेक्टरांनी हा निबंध वाचलेला नाही, पण त्यांनी तो पाडव्याच्या दिवशी ओटीवर बसून अनुभवला. फरक एवढाच, की लँब त्या खुंटीकडे पाहून घरी परतला तेव्हा घरी मेरी होती. त्याचे पेन्शन सालिना ४५० पौंड ठरले होते. त्यातून ९ पौंड कापून घेण्यास तो राजी झाला व ४४१ पत्करले, कारण आपल्यामागे बहीण राहिली तर तिची तरतूद व्हावी. ती खरोखरच मागे राहिली, तेरा वर्षे.

लँब बाहेर पडण्याच्या दोन वर्षे आधी त्याच इमारतीत सतरा वर्षांचा मिल कामाला लागला. ज्याने हिंदुस्थानचे तोंडही न पाहता १८१७ साली हिंदुस्थानचा प्रचंड इतिहास प्रसिद्ध केला, त्या जेम्स मिलचा हा मुलगा. तिसऱ्या वर्षी ग्रीक व आठव्या वर्षी लॅटिन ह्या क्रमाने बापाने त्याला घडविला होता, आणि विशीच्या उंबरठ्यावर असताना तो बेंथॅमच्या पुराव्याच्या कायद्यावरील पाच खंडी ग्रंथाचे संपादन करीत होता. अशा ह्या मुलाने १८२६ सालच्या शरदात स्वतःला एक प्रश्न विचारला: ज्या सुधारणांसाठी मी जगतो त्या सर्व ह्या क्षणी घडून आल्या तर मला मोठा आनंद होईल काय? आणि आतून स्वच्छ उत्तर आले, की होणार नाही. यशाच्या अभावी खचणारी माणसे आपण नित्य पाहतो, पण संपूर्ण यश कल्पनेत हातात घेऊन, ते पारखून, रिकामे म्हणून खाली ठेवणारा विशीतला तरुण विरळा. त्यानंतरचे कित्येक महिने त्याने औदासीन्यात काढले, आणि चमत्कार असा, की त्या काळात त्याने कचेरीतले वा बाहेरचे कोणतेही काम टाकले नाही. यंत्र चालतच होते.

ह्या अंधारात पहिली फट पाडली ती मार्मोंतेल नावाच्या फ्रेंच लेखकाच्या आठवणींनी. बाप वारल्यावर एक लहान मुलगा घरच्या सर्वांना धीर देतो व मी तुमच्यासाठी सर्व काही होईन असे म्हणतो, तो प्रसंग वाचताना मिलच्या डोळ्यांत पाणी आले, आणि आपण अजून दगड झालो नाही ह्याची त्याला खात्री पटली. पुढे १८३० साली त्याची हॅरिएट टेलरशी ओळख झाली. ती विवाहित होती. तिच्या पतीच्या निधनानंतर, एकवीस वर्षांच्या स्नेहाअंती, १८५१ साली त्यांनी लग्न केले, आणि त्याआधी मिलने स्वहस्ते एक निवेदन लिहून, कायदा पतीला पत्नीच्या जीवितावर व मालमत्तेवर जे अधिकार देतो ते आपणास अमान्य असून आपण ते कधी वापरणार नाही, असे नमूद केले. पुढच्या काळात तो बापाच्याच जागेवर, कंपनीच्या पत्रव्यवहाराचा मुख्य म्हणून, चढला. परंतु घरात तो स्वतःला तिचा शिष्य म्हणवून घेई. त्याने तिची बुद्धी फुगवून सांगितली की काय, यावर विद्वान अद्याप वाद घालतात. मला त्या वादापेक्षा हे महत्त्वाचे वाटते, की संस्थानांच्या कारभारावर शेरे मारणाऱ्या ह्या मनुष्याला आपल्या लेखनावर कोणी तरी शेरा मारावा अशी भूक होती.

ह्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. लग्नानंतर पुरेसा आदर दाखविला नाही एवढ्या सबबीवर त्याने आई व भावंडांशी जवळजवळ संबंध तोडला, आई १८५४ साली वारली, आणि त्याच्या मृत्यूच्या वर्षी, १८७३ साली, छापल्या गेलेल्या आत्मचरित्रात बापाला पानेच्या पाने दिलेली असताना आईचा नामनिर्देशही नाही. स्वातंत्र्यावर लिहिणाऱ्या, स्त्रियांच्या दास्यावर लिहिणाऱ्या ह्या थोर पुरुषाच्या आयुष्यातील हे रिकामे पान मी जेव्हा जेव्हा आठवतो तेव्हा मला त्याचा राग येतो, आणि मग आगरकरांच्या पिढीने ज्याला एवढे मानले त्याच्यावर रागावणारे आपण कोण, असा विचार येऊन तो राग निवतो. एका नात्यात सर्वस्व ओतणाऱ्यांकडून दुसऱ्या नात्यांची उपासमार होते, हेच खरे. १८५८ साली कंपनीचे राज्य गेले, मिल १५०० पौंडांच्या पेन्शनीवर निवृत्त झाला, पत्नीसह दक्षिणेकडे निघाला, आणि नोव्हेंबरात आव्हिन्यो येथे ती वारली. निवृत्तीची वाट पाहून जोडीने काढावयाची ठरलेली वर्षे काही आठवड्यांत संपली. त्याने स्मशानाजवळ घर घेतले, सावत्र मुलगी हेलन हिच्यासह तेथे वर्षातील पुष्कळ काळ काढला, व रानावनांतून वनस्पती गोळा करण्याचा तरुणपणीचा छंद अखेरपर्यंत चालविला.

अशा दोन-चार चरित्रांवरून अनुमान काढू नये, असा आक्षेप घेणाऱ्यांसाठी हार्वर्ड विद्यापीठात १९३८ साली सुरू झालेल्या व अद्याप चालू असलेल्या अभ्यासाचा उल्लेख करतो. तेथील २६८ विद्यार्थी आणि पुढे बॉस्टनच्या गरीब वस्त्यांतील ४५६ मुले यांचा आयुष्यभर पाठपुरावा करण्यात आला. आरंभीच्या संशोधकांचा भर शरीराची ठेवण, कवटीची मापे, हस्ताक्षर ह्यांवर होता. त्यांतून पुढे फारसे निष्पन्न झाले नाही. निष्पन्न झाले ते असे, की पन्नाशीत जे आपल्या नातेसंबंधांत समाधानी होते तेच ऐंशीत अधिक निरोगी आढळले, आणि हे भाकीत वर्तविण्यात रक्तातील कोलेस्टेरॉलपेक्षा हे समाधान सरस ठरले. मूळचे सर्व पुरुष, सर्व गोरे. आणि जो प्रकृतीने व स्वभावाने सुदृढ त्याचीच नाती चांगली राहतात, असेही कोणी उलटून म्हणू शकेल. म्हणून ह्या आकड्यांवर मी फार भार टाकीत नाही.

आता घरचे उदाहरण. महादेव गोविंद रानडे ह्यांची पहिली पत्नी १८७३ साली वारली, आणि विधवाविवाहाचा पुरस्कार करणाऱ्या ह्या एकतीस वर्षांच्या न्यायाधीशाने वडिलांच्या आग्रहापुढे मान तुकवून त्याच वर्षी अकरा वर्षांच्या कुमारिकेशी विवाह केला. लोकांनी नावे ठेवली, व ती ठेवण्याजोगीच गोष्ट होती. परंतु त्या मुलीला, म्हणजे रमाबाईंना, त्यांनी लग्नानंतर लगेच अक्षरओळख करून देण्यास प्रारंभ केला. घरातील वडीलधाऱ्या बायकांनी तिचा जो छळ मांडला त्याबद्दल त्यांनी उघडपणे कोणाला दुखविले नाही, तिलाच सहन करावयास सांगितले, आणि रात्रीची शिकवणी मात्र चुकविली नाही. हा मार्ग न्यायाचा होता काय? मला शंका आहे. १८७८ साली नाशिकला बदली झाली तेव्हा कोठे त्या मुलीला मोकळा श्वास मिळाला. सरकारी बदलीचा इतका सदुपयोग दुसऱ्या कोणाला झाल्याचे मला ठाऊक नाही.

रमाबाईंनी १९१० साली प्रसिद्ध केलेल्या ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ ह्या पुस्तकात पतीचे नाव घ्यावयाचे नाही म्हणून त्यांचा निर्देश ‘स्वतः’ असा केला आहे. त्यातील एक प्रसंग कलकत्त्याचा. १८८६ साली सरकारने नेमलेल्या अर्थसमितीचे सभासद म्हणून रानडे तेथे गेले असता त्यांनी बंगाली शिकावयाचे मनात घेतले व प्राथमिक पुस्तके विकत आणली. एके सकाळी बाहेरच्या खोलीत कोणाशी बोलणे चालले आहे असे वाटून रमाबाई पाहावयास आल्या, तो न्हावी दाढी करीत आहे, ‘स्वतः’ साबणाच्या फेसातून बंगाली वाचीत आहेत, आणि न्हावी वस्तरा थांबवून उच्चार दुरुस्त करीत आहे. त्यांना हसू लोटले; गुरू तर मोठा नामी मिळाला, अशी त्यांनी थट्टा केली. त्यावर दत्तात्रेयांनी चोवीस गुरू केले होते, असे उत्तर मिळाले, आणि पुढे तीच भाषा त्यांनी रमाबाईंनाही शिकविली. साम्राज्याचा खर्च कोठे छाटावा हे ठरविणारा मनुष्य न्हाव्यापुढे मान वर करून बसला आहे आणि बायको दारात उभी राहून हसते आहे, हे चित्र १८९३ साली तेलंगांच्या निधनाने रिकाम्या झालेल्या हायकोर्टाच्या जागेवर बसलेल्या न्यायमूर्तींच्या कोणत्याही तसबिरीपेक्षा मला अधिक मोलाचे वाटते. १९०१ साली ते गेले. त्यानंतर रमाबाई तेवीस वर्षे जगल्या, आणि पुण्यातील आपल्याच वाड्यात १९०९ साली त्यांनी सेवासदनाचे काम सुरू करून दिले, तेथे येणाऱ्या बायका बहुधा त्यांच्यासारख्याच उशिरा पाटी धरलेल्या.

आमच्या डेप्युटी कलेक्टरांना मी ही हकीकत सांगितली होती. त्यांनी ती ऐकून घेतली व रानड्यांचा त्या वेळचा पगार किती होता असे विचारले, तेव्हा मी विषय सोडून दिला. परंतु गेल्या पावसाळ्यात एका संध्याकाळी त्यांच्याकडे गेलो असता ओटीवर कोणी नव्हते. आत स्वयंपाकघरात पाटावर बसून ते गवारीच्या शेंगा मोडीत होते, समोर विळीवर त्यांच्या पत्नी कांदा चिरीत होत्या, आणि प्रत्येक शेंग मोडून झाली की ते ती परातीत टाकण्याआधी किंचित थांबत होते.

“ही जून आहे,” बाई मान वर न करता म्हणाल्या. “टाका ती.”

त्यांनी ती शेंग दिव्याकडे धरून पाहिली, बाजूला टाकली, आणि दुसरी उचलली.